फॉक्स न्यूजला कॅनडात शिरायला आठ वर्षं का लागली?

कॅनडात फॉक्स न्यूज दिसत नाही, कारण तिथे बातमीत खोटं बोलायला कायद्याने मनाई आहे. हे विधान तुम्ही कधी ना कधी वाचलं असेल. अमेरिकेत निवडणूक आली की ते हमखास वर येतं, आणि आपल्याकडेही रात्री नऊच्या चर्चांमधल्या आरडाओरड्याला वैतागलेलं कुणीतरी ते मोठ्या आदराने पुढे पाठवतं. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटवल्या आहेत. फॉक्स न्यूज डिसेंबर २००४ पासून कॅनडात रीतसर दिसते. खोट्या बातम्यांविरुद्धचा नियम तिथे खरोखर आहे, पण त्याआधीची आठ वर्षं फॉक्स बाहेर राहिली त्याच्याशी या नियमाचा काडीचाही संबंध नव्हता.

मग कशाचा होता? उत्तर एका सरकारी यादीत आहे. माझं संशोधन प्रसारण नियमनाच्या इतिहासावर आहे, त्यामुळे अशा याद्या, जाहीर सूचना आणि आयोगांचे निर्णय वाचणं हा माझा रोजचाच उद्योग. वाचायला ते भयंकर कोरडे असतात, हे आधीच कबूल करते. पण शेजारच्या देशातली, उघडपणे एका पक्षाकडे झुकलेली वाहिनी आपल्या घरात येऊ द्यायची का, हा प्रश्न एका देशाने प्रत्यक्षात कसा सोडवला, हे त्या कोरड्या कागदांतच दिसतं.

आधी भूगोल. कॅनडा नकाशावर अवाढव्य दिसतो, पण तिथली बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेपासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, वाटेत डोंगर नसेल आणि अँटेना उंच असेल तर शंभर किलोमीटर सहज ओलांडतात, आणि त्यांना पासपोर्ट लागत नाही. टोरंटो आणि अमेरिकेतलं बफेलो यांच्यामध्ये आडवं आहे ते ऑन्टारिओ सरोवर, म्हणजे सपाट पाणी. बफेलोतलं पहिलं टीव्ही केंद्र १९४८ साली सुरू झालं. कॅनडाचं स्वतःचं, म्हणजे सीबीसीचं टीव्ही प्रसारण सप्टेंबर १९५२ मध्ये सुरू झालं. मधल्या चार वर्षांत टोरंटोच्या लोकांनी टीव्ही संच घेतले, छपरावर अँटेना चढवल्या आणि बफेलो बघितलं. अमृतसरला लाहोरचा टीव्ही दिसायचा आणि लाहोरला दूरदर्शन, तसंच हे. फरक एवढाच की अमृतसर आणि लाहोर दोन्हीकडे बघण्याची ओढ होती, इथे मात्र रहदारी जवळजवळ एकाच दिशेने चालायची.

कॅनडातली केबल तर याच ओढीतून वाढली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लीतल्या केबलवाल्याने डिश लावली ती स्टार आणि झीसाठी. कॅनडात पन्नासच्या दशकात गावाबाहेर उंच मनोरा उभारून तिथून घरोघरी तारा ओढल्या गेल्या त्या अमेरिकन केंद्रं स्वच्छ दिसावीत म्हणून. पुढे जे नियम झाले, त्या सगळ्यांच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे. आपल्या देशाचा टीव्ही उभा राहण्याआधीच शेजाऱ्याचा टीव्ही घरात येऊन बसला होता.

यावर कॅनडाने काय केलं? बंदी घातली नाही. तसं केलं असतं तर लोकांनी सरकारच बदललं असतं. त्यांनी हिशोबाचे मार्ग काढले. १९७२ पासून एक नियम आला. एकच अमेरिकन मालिका एकाच वेळी अमेरिकन आणि कॅनेडियन अशा दोन्ही वाहिन्यांवर चालू असेल, तर केबलवाल्याने अमेरिकन वाहिनीच्या जागीही कॅनेडियन वाहिनीचंच चित्र दाखवायचं. म्हणजे मालिका तीच, पण मधल्या जाहिराती कॅनडातल्या आणि त्यांचा पैसाही कॅनडात. सुपर बोलच्या सामन्यात अमेरिकेतल्या गाजलेल्या जाहिराती आपल्याला दिसत नाहीत म्हणून कॅनेडियन लोक वर्षानुवर्षं कुरकुरले ते यामुळेच. १९७६ मध्ये करकायदा बदलला. कॅनेडियन प्रेक्षकांसाठीची जाहिरात सीमेपलीकडच्या अमेरिकन केंद्राला दिली, तर तो खर्च कराच्या हिशोबात वजा करता येणार नाही, असं ठरलं. दोन्ही उपायांमध्ये पडद्यावर कोण काय बोलतंय याची फिकीर नाही. फिकीर आहे ती जाहिरातीचा पैसा कोणाच्या खिशात जातो याची.

आता ती यादी. कॅनडाच्या प्रसारण आयोगाला इंग्रजी आद्याक्षरांनी सीआरटीसी म्हणतात, मी इथे नुसतं आयोग म्हणेन. १९६८ साली तो स्थापन झाला. ऐंशीच्या दशकात उपग्रहावरून अमेरिकन वाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा आयोगाने परदेशी वाहिन्यांची एक यादी केली. केबल आणि डिश कंपन्यांनी यादीत असलेल्याच परदेशी वाहिन्या दाखवायच्या. यादीत नाव घालायचं तर कॅनडातल्या कुणीतरी त्या वाहिनीसाठी अर्ज करावा लागतो, त्याला पुरस्कर्ता म्हणू. इंग्रजी आणि फ्रेंच वाहिन्यांसाठी मुख्य कसोटी एकच. ही परदेशी वाहिनी कॅनडातल्या एखाद्या परवानाधारक विशेष वाहिनीशी पूर्ण किंवा अंशतः स्पर्धा करते का? करत असेल तर नाही. ती डावी आहे की उजवी, खरी बोलते की खोटी, हा रकानाच अर्जात नाही.

सीएनएन ऐंशीच्या दशकातच आत आली, कारण तेव्हा कॅनडात चोवीस तास बातम्यांची वाहिनीच नव्हती. सीबीसीची न्यूजवर्ल्ड सुरू झाली ३१ जुलै १९८९ ला. फॉक्स न्यूज जन्मली ७ ऑक्टोबर १९९६ ला, रूपर्ट मर्डॉक यांच्या पैशावर आणि रॉजर एल्स यांच्या डोक्यातून. तोवर कॅनडात बातम्यांच्या वाहिन्या होत्या, म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा होईल असे परवानाधारक होते. सीएनएन आत आणि फॉक्स बाहेर, यामागे लोकांनी पुढे डावं राजकारण शोधलं. मला तरी त्यात मुख्यतः कोण आधी आलं एवढंच दिसतं. लोकलच्या डब्यात आधी चढलेल्याला खिडकी मिळते, तसंच.

या कसोटीचे दात किती तीक्ष्ण होते, हे १९९५ च्या एका प्रकरणात दिसतं. अमेरिकेची कंट्री संगीताची वाहिनी, सीएमटी, १९८४ पासून कॅनडाच्या यादीत होती. दहा वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग आयोगाने त्याच प्रकारच्या एका कॅनेडियन वाहिनीला परवाना दिला आणि १ जानेवारी १९९५ पासून सीएमटीला यादीतून काढून टाकलं. नेहमीचा पाहुणा, पण घरच्याला खोली हवी म्हणून बाहेर. अमेरिकेचं व्यापार खातं खवळलं, जकातीच्या धमक्या झाल्या, आणि शेवटी तडजोड काय, तर सीएमटीने त्या कॅनेडियन वाहिनीतच हिस्सा घेतला आणि तिचंच नाव सीएमटी झालं. यातून प्रत्येक अमेरिकन कंपनीने एक धडा घेतला. कॅनडात जायचं तर तिथल्या कुणाचा तरी हात धरून जा.

फॉक्सनेही तेच केलं. २००० साली आयोगाने डिजिटल वाहिन्यांचे परवाने घाऊक वाटले, दुसऱ्या वर्गाचे तर अडीचशेहून जास्त. या वर्गाला केबलवर जागा मिळण्याची हमी नसते, स्वतः बोलणी करून जागा मिळवायची. त्यांत एक परवाना होता ‘फॉक्स न्यूज कॅनडा’चा. भागीदार होती ग्लोबल टेलिव्हिजन, विनिपेगच्या कॅनवेस्ट समूहाची वाहिनी. कल्पना अशी की फॉक्सचा मजकूर आणि थोडा कॅनेडियन मजकूर एकत्र दाखवायचा. मायक्रोसॉफ्ट आणि एनबीसीच्या एमएसएनबीसीची अशी कॅनेडियन आवृत्ती २००१ मध्ये खरोखर सुरूही झाली.

फॉक्स न्यूज कॅनडा मात्र कधीच सुरू झाली नाही.

माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वात बोलका भाग हाच आहे, आणि नेमका तोच सांगितला जात नाही. २००३ मध्ये केबल कंपन्यांच्या संघटनेने अमेरिकेतली मूळ फॉक्स न्यूज यादीत घालावी म्हणून अर्ज केला. आयोगाने तो फेटाळला. कारण? फॉक्स न्यूज कॅनडाचा परवाना अजून जिवंत होता. मूळ वाहिनी आली असती तर तिने या न जन्मलेल्या कॅनेडियन वाहिनीशी स्पर्धा केली असती. म्हणजे फॉक्सला कॅनडात येण्यापासून अडवलं ते फॉक्सच्याच कॅनेडियन परवान्याने. एवढं नोकरशाही सौंदर्य मला दुसऱ्या कुठल्या निर्णयात सापडलेलं नाही.

केबल कंपन्यांना फॉक्सचा एवढा पुळका का होता, हाही प्रश्न विचारायला हवा. त्या काही रिपब्लिकन झाल्या नव्हत्या. कॅनडात तेव्हा काळ्याकरड्या बाजारातल्या डिशची मोठी चलती होती. लोक अमेरिकेतला एखादा पत्ता दाखवून तिथल्या डिश कंपनीचं सदस्यत्व घ्यायचे, पैसे भरायचे, आणि डिश लावायचे कॅनडातल्या घरावर. उपग्रहाच्या झोताला सीमा समजत नाही, त्यामुळे चित्र झकास यायचं. एप्रिल २००२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पैसे भरले असले तरी हे बेकायदेशीरच, असा निकाल दिला. पण निकालाने छपरावरच्या डिश खाली उतरल्या नाहीत. उद्योगाच्या स्वतःच्या अंदाजानुसार अशी काही लाख घरं होती. केबल कंपन्यांचं म्हणणं होतं की या लोकांना हव्या त्या अमेरिकन वाहिन्या आम्हाला देऊ द्या, म्हणजे गिऱ्हाईक परत येईल. फॉक्सच्या बाजूने लढणारी मंडळी विचाराने नाही, धंद्याने लढत होती.

दरम्यान बाहेरचं हवामान बदललं होतं. १७ मार्च २००३ ला पंतप्रधान ज्याँ क्रेत्यां यांनी इराक युद्धात कॅनडा सामील होणार नाही असं जाहीर केलं. फॉक्स न्यूज युद्धाच्या बाजूने दणदणीत बोलत होती आणि कॅनडाची टिंगल करत होती. तिचे त्या काळचे सर्वात मोठे सूत्रसंचालक बिल ओ’रायली यांनी कॅनडावर बहिष्काराची भाषाही केली. त्यामुळे ज्या कॅनेडियन लोकांनी फॉक्स कधी पाहिली नव्हती, त्यांनाही तिच्याविषयी ठाम मत होतं. ज्यांना ती हवी होती त्यांना वाटायचं, सरकार आपल्यापासून दुसरी बाजू लपवतंय. ज्यांना नको होती त्यांना वाटायचं, आयोग आपलं रक्षण करतोय. दोघेही एका व्यापारी कसोटीला आपापल्या मनातलं राजकारण चिकटवत होते.

आणि मग जुलै २००४ आला. या एका आठवड्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. १३ जुलैला आयोगाने क्युबेक शहरातल्या एका लोकप्रिय, शिवराळ रेडिओ केंद्राचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला, कारण होतं तिथल्या सूत्रसंचालकांची अपमानास्पद वक्तव्यं. दोन दिवसांनी, १५ जुलैला, दोन निर्णय आले. इटलीची सरकारी वाहिनी राय इंटरनॅशनल हिला नकार, कारण तिच्यामुळे कॅनडातल्या इटालियन वाहिनीचं, टेलेलातिनोचं, नुकसान झालं असतं. आणि अरबी अल जझीराला होकार.

हा होकार मात्र अजब होता. अरबी वाहिनी, कॅनडात तिच्या तोडीची दुसरी नाही, तेव्हा स्पर्धेच्या कसोटीवर ती सहज पास झाली. पण ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला होता की तिच्यावर ज्यूद्वेषी मजकूर प्रसारित होतो. आयोगाने मान्य केलं की असा धोका आहे. मग अट घातली. जी केबल कंपनी अल जझीरा दाखवेल, तिनेच चोवीस तास तिच्यावर नजर ठेवायची, ध्वनिमुद्रणासकट नोंद ठेवायची आणि द्वेषपूर्ण मजकूर आला तर तो कापायचा. एरवी केबल कंपन्यांना वाहिनीच्या मजकुराला हात लावायला मनाई असते, इथे उलट हात लावायची सक्ती. विचार करा, रात्री तीन वाजता अरबी जाणणारा माणूस बसवायचा, चालू प्रक्षेपणात कात्री चालवायची, आणि चूक झाली तर जबाबदारी आपली. एकाही केबल कंपनीने ती वाहिनी घेतली नाही. कागदावर परवानगी, पडद्यावर काळोख. बंदीपेक्षा हा प्रकार जास्त सोयीस्कर ठरला, कारण बंदी घातली असं कुणालाच म्हणता येत नव्हतं.

लगेच ओरड झाली. अल जझीराला होकार आणि फॉक्सला नकार! मथळ्यात छान बसणारं वाक्य. प्रत्यक्षात तेव्हा दोन्हींपैकी एकही दिसत नव्हती, पण ते कोण वाचतो. इटालियन कॅनेडियन मंडळी तर वेगळ्याच कारणाने चिडली होती. त्यांना मायदेशाच्या बातम्या हव्या होत्या, बास. आयोगाने पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, रायला वाट मोकळी करून दिली. अशा भाषिक वाहिन्यांचं धोरणही शिथिल झालं. आपल्या लोकांचाही इथे संबंध येतो. टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी, पंजाबी, गुजराती कुटुंबांच्या केबलवर भारतातले कार्यक्रम आले ते कधी या यादीच्या वाटेने, तर कधी कॅनडातल्या कंपनीने तिथला परवाना काढून त्यावर भारतीय मजकूर दाखवला म्हणून.

फॉक्सचं काय झालं? केबल संघटनेने २००४ च्या वसंतात पुन्हा अर्ज केला. या वेळी फॉक्सने स्पष्ट सांगितलं की कॅनेडियन आवृत्ती काढायचा आमचा इरादा नाही. परवान्याची वाढीव मुदतही नोव्हेंबर २००४ मध्ये संपतच होती. अडथळाच उरला नाही. १८ नोव्हेंबर २००४ ला आयोगाने मूळ फॉक्स न्यूज यादीत घातली. १६ डिसेंबरला रॉजर्स कंपनीच्या डिजिटल केबलवर ती दिसू लागली. तिच्यावर नजर ठेवायची, मजकूर कापायचा अशी कुठलीही अट नाही. अल जझीराच्या निर्णयाला चार महिने झाले होते, आणि तोच आयोग, तेच अध्यक्ष चार्ल्स डाल्फेन. स्पर्धेच्या कसोटीचं मी वर एवढं समर्थन केलं, पण इथे मला आयोगाचं वागणं समान वाटत नाही. अल जझीराबाबत आयोगाने मजकुराकडे पाहिलं, फॉक्सबाबत पाहिलं नाही. तक्रारी वेगळ्या होत्या, पुरावे वेगळे होते, हे खरं. तरीही अरबी वाहिनीवर रात्रंदिवस पहारा आणि इंग्रजी वाहिनीला मोकळं दार, हे तिथल्या अरब कॅनेडियन माणसाला कसं दिसलं असेल याची कल्पना करायला फार कष्ट लागत नाहीत. अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीला नोव्हेंबर २००९ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ही अट नव्हती. तोवर तिचं नेतृत्व सीबीसीच्या बातमी विभागाचे माजी प्रमुख टोनी बर्मन यांच्याकडे होतं, आणि आक्षेप घेणाऱ्या संघटनांशी आधी बसून बोलणं झालं होतं.

याच काळात मर्डॉक यांच्यापुढे भारतातही असाच प्रश्न उभा होता, आणि त्याचं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. ३१ मार्च २००३ ला एनडीटीव्हीशी करार संपला आणि स्टार न्यूज स्वतःच्या पायावर उभी राहायला निघाली. त्याच महिन्यात सरकारने भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या बातम्यांच्या वाहिन्यांत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं ठरवलं. मग आनंदबझार समूह ७४ टक्क्यांचा भागीदार झाला. २००७ मध्ये सुरू झालेली स्टार माझा ही त्याच भागीदारीची वाहिनी, आणि २०१२ मध्ये स्टार बाहेर पडल्यावर तिचं एबीपी माझा झालं. कॅनडाने विचारलं, ही वाहिनी आमच्या कुणाचा धंदा खाते का? भारताने विचारलं, हिचा मालक कोण? हिच्यावर काय बोललं जातं, हे दोन्हीकडे पहिल्या पानावर नव्हतं. लोकशाही देशातल्या नियामकाला मजकुरावर बोट ठेवायची भीती वाटते, म्हणून तो मालकी आणि धंदा यांच्या आडून बोलतो, असं मला वाटतं. ती भीती वाईट नाही. कारगिलच्या वेळी, जून १९९९ मध्ये, आपल्याकडे पाकिस्तान टीव्ही केबलवरून थेट मजकुराच्या कारणावरून बंद केला गेला, तेव्हा काय होतं ते आपण पाहिलंच. बघणाऱ्यांची उत्सुकता वाढली.

आता खोट्या बातम्यांच्या नियमाकडे येऊ, कारण त्याच्यावरच तर सगळी दंतकथा उभी आहे. १९८७ च्या टीव्ही प्रसारण नियमांत खरोखर लिहिलं आहे की परवानाधारकाने खोटी किंवा दिशाभूल करणारी बातमी प्रसारित करू नये. परवानाधारकाने. फॉक्सकडे कॅनडाचा परवाना नाही, ती यादीतली परदेशी वाहिनी आहे. २०११ च्या जानेवारीत आयोगाने हा नियम सैल करायचा प्रस्ताव मांडला. बातमी खोटी आहे हे माहीत असूनही दिली, आणि तिच्यामुळे लोकांच्या जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका झाला, तरच ती नियमबाह्य. यामागे अनेक वर्षं रेंगाळलेली एक कायदेशीर शंका होती. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोट्या बातमीचा फौजदारी गुन्हाच घटनाबाह्य ठरवला होता, आणि संसदेची समिती आयोगाला विचारत होती की मग तुमचा नियम कसा टिकतो?

पण वेळ फार वाईट होती. नेमकी तेव्हा क्युबेकॉर कंपनी सन न्यूज नावाची उजव्या वळणाची कॅनेडियन वाहिनी सुरू करायच्या बेतात होती. विरोधकांनी तिचं नाव ‘उत्तरेची फॉक्स न्यूज’ ठेवलं होतं, तिच्याविरुद्धच्या अर्जावर लेखिका मार्गारेट ॲटवुड यांचीही सही होती. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या, गदारोळ झाला आणि फेब्रुवारी संपायच्या आत आयोगाने प्रस्ताव मागे घेतला. सीमेपलीकडे रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लिहिलं की फॉक्सला कॅनडात यायचं आहे पण तिथला सत्याचा कायदा तिला अडवतो. फॉक्स तोवर सहा वर्षं कॅनडात दिसत होती. पण ही गोष्ट इतकी गोड होती की ती तेव्हापासून आजपर्यंत फिरतेच आहे.

सन न्यूजचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. १८ एप्रिल २०११ ला सुरू झाली. प्रत्येक केबल ग्राहकाच्या मूळ पॅकेजमध्ये आपल्याला सक्तीने घाला, अशी मागणी तिने केली, आयोगाने ती ऑगस्ट २०१३ मध्ये नाकारली, आणि १३ फेब्रुवारी २०१५ ला ती बंद पडली. ज्यांना घाबरून एवढ्या सह्या गोळा केल्या होत्या, ती वाहिनी प्रेक्षकांअभावी गेली. खुद्द फॉक्सचंही कॅनडात असंच झालं. ज्यांना हवी ते पैसे भरून घेतात, बाकीच्यांना ती आपल्या पॅकेजमध्ये आहे की नाही हेही ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये तर निःपक्षपातीपणाचा कडक नियम आहे, तिथल्या ऑफकॉमने फॉक्सच्या कार्यक्रमांना दोषीही ठरवलं, पण ऑगस्ट २०१७ मध्ये फॉक्सने तिथून काढता पाय घेतला तो प्रेक्षकच नाहीत म्हणून.

यादीतून मजकुराच्या कारणावरून नाव काढण्याची वेळ आली ती २०२२ मध्ये. युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यावर १६ मार्चला आयोगाने आरटी आणि तिची फ्रेंच वाहिनी यादीतून काढली. कारण म्हणून युक्रेनी लोकांविषयी द्वेष पसरवणारा मजकूर, असं सांगितलं. केबल कंपन्यांनी त्याआधीच दोन्ही बंद केल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर काही बदललं नाही. कागदावर मात्र खूप बदललं. यादी आता नुसती धंद्याची राहिली नाही.

हे हेरलं ते एगाल या समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कॅनेडियन संघटनेने. मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या शाळेतल्या गोळीबारानंतर फॉक्सच्या टकर कार्लसन यांनी पारलिंगी लोकांविषयी जे म्हटलं, त्यावरून एगालने एप्रिलमध्ये आयोगाला पत्र लिहिलं. आरटीला जे लावलं तेच फॉक्सला लावा आणि तिला यादीतून काढा. आयोगाने मे महिन्यात यावर लोकांची मतं मागवली. २००४ मध्ये जो प्रश्न अर्जात नव्हता, तो एकोणीस वर्षांनी अर्जाचा एकमेव प्रश्न झाला होता. मतं द्यायला हजारो लोक आले, फॉक्स हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, आणि बऱ्याच जणांचा मुद्दा असा की आम्ही ती बघत नाही, पण ती काढायचा अधिकार आयोगाला असू नये.

मतं मागवायला सुरुवात झाली तेव्हा कार्लसन फॉक्समध्ये नव्हतेच. मतमोजणी यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला फॉक्सने १८ एप्रिलला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला, आणि २४ एप्रिलला कार्लसन बाहेर पडले. ही डोमिनियन कंपनी मूळची टोरंटोची. कार्लसन यांनी जूनमध्ये ट्विटरवर कार्यक्रम सुरू केला. ट्विटर केबलवरून येत नाही, त्यामुळे त्याला ना पुरस्कर्ता लागतो, ना यादी. २४ जानेवारी २०२४ ला ते स्वतःच सीमा ओलांडून अल्बर्टात आले. कॅलगरीच्या व्यासपीठावर प्रांताच्या मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, आणि संध्याकाळी एडमंटनमध्ये त्यांची दुसरी सभा होती.